वाचकांचे प्रश्न: रेझिनची बंदूक आणि कोल्हापूरचा पावसाळा

या महिन्याच्या टपालात निम्म्याहून जास्त पत्रं विज्ञानपटांतल्या बंदुकांच्या प्रतिकृतींबद्दल आली आहेत. कुणाला ती गणपतीच्या देखाव्यासाठी हवी आहे, कुणाला पुण्या-मुंबईच्या कॉस्प्ले (आवडत्या पात्राचा वेश घालून जायच्या) मेळाव्यात मिरवायची आहे, तर कुणाला नुसती कपाटात ठेवायची आहे. बहुतेकांनी 1977 च्या ‘स्टार वॉर्स’मधल्या पांढऱ्या चिलखतातल्या शिपायांची ई-11 घेतलेली दिसते. म्हणून उत्तरंही तीच समोर ठेवून दिली आहेत. दुसऱ्या किटवाल्यांनी मापं तेवढी बदलून घ्यावीत.

किटमध्ये पिवळसर रेझिनचे चोवीस तुकडे आले. लगेच अस्तर (प्रायमर) मारलं. दुसऱ्या दिवशी चिकटपट्टी ओढली तर अस्तर सालीसारखं निघून आलं. अस्तरच भिकार होतं का? (राजारामपुरी)

अस्तराचा दोष नाही, तुकडे धुतलेले नव्हते. हे तुकडे सिलिकॉनच्या साच्यात पॉलियुरेथेन रेझिन ओतून काढतात. तुकडा सहज सुटावा म्हणून साच्यात मेणासारखं किंवा तेलकट द्रव्य फवारतात. ते तुकड्यावर राहतं, डोळ्यांना दिसत नाही, हाताला जेमतेम जाणवतं. त्याच्यावर कोणताही रंग धरत नाही.

कोमट पाणी, भांडी घासायचं लिक्विड आणि जुना टूथब्रश घ्या. प्रत्येक तुकडा दोनदा घासा, खाचा आणि भोकं तर नक्कीच. मग नळाखाली धरून पाहा. पाणी थेंब थेंब होऊन घरंगळलं तर तेलकटपणा अजून आहे. सलग पातळ थर धरून राहिलं तर तुकडा साफ आहे. एक रात्र वाळवा आणि अस्तर मारायच्या आधी आयसोप्रोपाइल अल्कोहोलच्या फडक्यानं पुसा. त्यानंतर उघड्या हातानं धरू नका, बोटांचं तेलही तेवढंच नडतं. तुकडे थिनरमध्ये बुडवून ठेवायची युक्ती कुणी सांगितली तर ऐकू नका. रेझिन थिनर पितं, फुगतं आणि पुढे कित्येक दिवस रंगाखालून वास सोडत राहतं.

धुण्याआधी सगळे तुकडे ताटात मांडून सूचनापत्राशी मोजून घ्या. छोटे स्क्रूचे टोपे आणि दुर्बिणीचे कडे मोरीत वाहून गेल्याची दोन पत्रं याच टपालात आहेत. धुताना खाली चाळणी ठेवा.

मुख्य नळी केळ्यासारखी वाकलेली आहे. किट परत करू का? (कागल)

करू नका. लांब रेझिन तुकडे वाकतातच. साच्यातून जरा लवकर काढले किंवा खोक्यात दाबून राहिले की हे होतं. पाणी उकळायच्या अलीकडे, साधारण 70 अंशांवर आणा. तुकडा त्यात दोन-तीन मिनिटं ठेवा. मऊ झाला की आतल्या मापाचा सरळ लोखंडी पाइप त्यात घाला, सपाट फरशीवर लाटल्यासारखा फिरवा आणि पाइपसकट गार पाण्यात धरा. गार होईपर्यंत पाइप काढायचा नाही. काढला तर नळी पुन्हा जुन्या वळणावर जाते. हातात जाड मोजे असू द्या.

हाच गुण उलटाही येतो. तयार बंदूक एप्रिलमध्ये गच्चीवर वाळत घातली किंवा बंद गाडीत काचेखाली ठेवली तर संध्याकाळी तीच नळी पुन्हा वाकलेली मिळेल.

बारीक भोकं आणि शिवण यांना एम-सील लावलं. घासताना रेझिन झिजलं, एम-सील उंच राहिलं. आता पृष्ठभाग खडबडीत झालाय. (इचलकरंजी)

भरण आणि रेझिन यांचा कठीणपणा जुळला नाही की हे होतं. एम-सील मोठ्या खड्ड्याला, तुटलेल्या कोपऱ्याला ठीक. टाचणीच्या टोकाएवढ्या भोकांना ते नकोच.

त्या भोकांना फेविक्विक आणि टाल्कम पावडर वापरा. काचेच्या तुकड्यावर दोन्ही समान कालवा, टूथपिकनं भोकात दाबा, वर जरासं उंच राहू द्या. पावडरीमुळे भरण घासायला मऊ राहतं. खायचा सोडाही चालतो आणि क्षणात घट्ट होतो. पण तो दगड होतो, शिवाय घट्ट होताना चटका देतो आणि डोळ्यांना झोंबणारी वाफ सोडतो. सोडा वापरलाच तर अर्ध्या तासात घासा. रात्रभर ठेवलात तर तुम्ही आज जिथे आहात तिथेच परत याल.

शिवण, म्हणजे साच्याच्या दोन अर्ध्या भागांच्या सांध्याची उंच रेघ, आधी धारदार कटरच्या पात्यानं खरवडा. पातं कापायला धरतो तसं आडवं न धरता उभं धरून ओढायचं. मग बारीक कानस, मग सँडपेपर: 120, 220, 400 (आकडा वाढेल तसा पेपर बारीक). गोल नळीवर पेपर बोटानं दाबून घासलात तर चपटा पट्टा पडतो आणि तो चकचकीत रंगाखाली लांबून दिसतो. बूट पुसताना फडकं ओढतो तशी पेपरची पट्टी नळीभोवती घेऊन दोन्ही टोकं आळीपाळीनं ओढा.

220 नंतर राखाडी अस्तराचा एक हलका हात मारा. हे रंगासाठी नाही, चुका दिसण्यासाठी आहे. पिवळसर रेझिनवर डोळा फसतो. राखाडीवर दहा नवी भोकं दिसतील. ती गाडी रंगवणाऱ्यांच्या एनसी लांबीनं, म्हणजे नायट्रोसेल्युलोजच्या पुट्टीनं, भरा. ही लांबी वाळताना आकसते, म्हणून थर नखाएवढाही जाड नको. पातळ दोन थर, मध्ये तासभर. मग 400 आणि 600 चा वॉटर पेपर पाण्यात बुडवून. अस्तर, लांबी, घासणं ही फेरी तीनदा होईल असं धरूनच चाला. एका फेरीत भागलं तर समजा की नीट पाहिलं नाही.

रेझिनची भुकटी फुफ्फुसात गेलेली बरी नाही. एन-95 मास्क लावा आणि होईल तेवढं घासकाम ओलं, बादलीवर करा. स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये नको.

देखाव्यात मुलानं बंदूक खांद्यावर टाकली आणि मूठ तुटून हातात राहिली. फेविक्विकनं चिकटवली होती. (शाहूपुरी)

फेविक्विकचा सांधा ओढ सोसतो. धक्का आणि पीळ सोसत नाही. मूठ, दस्ता, दुर्बिणीचा पाया, मॅगझिन (गोळ्यांची पेटी) या चार ठिकाणी आत खीळ हवीच.

सायकलचा जुना स्पोक यासाठी उत्तम. जाडी साधारण 2 मिमी, पोलादी, आणि दुकानदार वाकडा स्पोक फुकट देतो. प्रत्येक बाजूला 12 ते 15 मिमी खोल भोक पाडा, एका सांध्याला निदान दोन खिळा. एक खीळ असेल तर मूठ तिच्याभोवती फिरेल. भोक 2.5 मिमीचं घ्या, म्हणजे चिकट द्रव्याला जागा राहते आणि भोक किंचित चुकलं तरी सावरता येतं. दोन्ही बाजूंची भोकं समोरासमोर येण्यासाठी एका बाजूला खिळा बसवा, त्या 2 मिमी वर राहतील अशा कापा, टोकांना ओला रंग लावा आणि दुसरा तुकडा जागेवर टेकवा. ठिपके उमटतील तिथे भोक. ड्रिल हळू फिरवा, कारण वेग वाढला की रेझिन वितळून पात्याला चिकटतं.

चिकटवायला रात्रभर घेणारं साधं अ‍ॅराल्डाइट घ्या, पाच मिनिटांचं नको. पाच मिनिटांचं घाईत जमतं, पण सांधा तेवढा बळकट राहत नाही आणि जुळवणी करायला वेळ मिळत नाही. दोन्ही पृष्ठभाग 120 नं ओरबाडून घ्या. गुळगुळीत रेझिनवर अ‍ॅराल्डाइट फक्त बसतं, पकडत नाही. दोऱ्यानं किंवा कापडी पट्टीनं बांधून 24 तास विसरून जा.

जुलैत काळा रंग मारला. वाळल्यावर वर पांढरट धुरकट साय आली, जणू बुरशी. काय चुकलं? (गंगावेश)

चुकला तो महिना. फवाऱ्याच्या डब्यातला लॅकर वाळतो तेव्हा थिनर झपाट्यानं उडतो आणि उडताना पृष्ठभाग गार करतो. हवा दमट असली की त्या गार पृष्ठभागावर बाष्प जमतं, ओल्या रंगात अडकतं आणि पांढरं दिसतं. गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम येतो तीच गोष्ट. पावसाळी कोल्हापुरात भर दुपारीसुद्धा हे होतं, नदीकाठच्या पेठांत जास्तच.

साय आलेली बंदूक घासायची घाई नको. कोरड्या दिवशी त्याच जातीच्या लॅकरचा एक पातळ ओला हात द्या. वरचा थर विरघळतो, अडकलेलं पाणी निघून जातं आणि साय बहुतेक वेळा विरते. हवेच्या गनने मारत असाल तर थिनरात थोडा रिटार्डर घाला. त्यानं थिनर सावकाश उडतो आणि गारवा धरत नाही.

गणपतीच्या आधी काम उरकायचं आहे आणि पाऊस थांबत नाही, असं असेल तर एवढं करा. मोठ्या पुठ्ठ्याच्या खोक्यात 60 वॅटचा जुना पिवळा बल्ब तासभर लावून तुकडे कोमट करून घ्या. रंगाचा डबा कोमट पाण्यात, हात सहज ठेवता येईल इतक्याच, पाच मिनिटं ठेवा. गॅसवर किंवा उकळत्या पाण्यात कधीच नाही. बल्ब बंद करून, तुकडे खोक्याबाहेर काढून 20 ते 25 सेंटीमीटरवरून मारा. पहिला हात इतका हलका की खालचं अस्तर दिसतंय. दहा मिनिटांनी दुसरा. असे चार. ‘एका हातात झाकून टाकू’ म्हटलं की ओघळ येतो. फवारा तुकड्याच्या बाहेर सुरू करून बाहेरच संपवा. तुकड्यावर बटण दाबलं की तिथेच थेंब साचतो. तुकडे बल्बखाली परत ठेवायचे ते वास पूर्ण गेल्यावरच.

घरात मारत असाल तर देवघरातली समई आधी शांत करा. थिनरची वाफ जमिनीलगत पसरते आणि ठिणगी शोधत जाते.

याच पत्रात पुढे विचारलंय की खिडक्यांना उरलेलं सिंथेटिक इनॅमल अस्तर म्हणून चालेल का. नाही चालणार. इनॅमलवर लॅकर मारला की त्याचा थिनर खालचा थर उचलतो आणि पृष्ठभागाला भाजलेल्या पापडासारख्या सुरकुत्या पडतात. तेव्हा सगळं खरवडून पहिल्यापासून. लॅकरवर इनॅमल चालतं, इनॅमलवर लॅकर नाही. ही एक ओळ डब्यावरच लिहून ठेवा.

बंदूक पूर्ण मॅट काळी केली, तरी खेळण्यासारखी का दिसते? (रंकाळा)

खरी वस्तू एका काळ्या रंगाची नसते म्हणून. ई-11 चा सांगाडा म्हणजे ब्रिटिश स्टर्लिंग सबमशीन गन. तिचा दस्ता खाली दुमडला, मॅगझिन आखूड केलं, नळीच्या जाळीवर काळ्या पट्ट्या लावल्या, वर दुर्बीण आणि बाजूला मोजणीचं यंत्र बसवलं. म्हणजे एकाच वस्तूत निदान चार तऱ्हेचा काळा आहे: स्टर्लिंगच्या नळीचा दाणेदार काळा, पट्ट्यांचा रबरी काळा, दुर्बिणीचा जुनाट मॅट काळा आणि बोल्टचं, म्हणजे बंदुकीच्या आतल्या मागेपुढे सरकणाऱ्या भागाचं, उघडं पोलाद. सगळ्यांवर एकच डबा फिरवलात की हे भेद मरतात आणि उरतं ते प्लास्टिक.

दाणेदार पोत असा येतो: पहिला हात 45 सेंटीमीटरवरून मारा, म्हणजे रंग हवेतच अर्धा वाळून बारीक कण होऊन बसतो. त्यावर नेहमीच्या अंतरावरून एक अर्धचकचकीत काळा हात. अजून खरखरीत हवं असेल तर फाडलेल्या स्पंजनं घट्ट रंग टिपत जा. यंत्रांना मारतात तो हॅमरटोन इथे वापरू नका. त्याची नक्षी मोठी पडते, बंदूक लहान दिसायला लागते.

पट्ट्यांना पूर्ण मॅट. बोल्टसाठी आधी चकचकीत काळा, तो दोन दिवस कडक होऊ द्या, मग 6बी पेन्सिलीचं शिसं बारीक कुटून सुती कापडानं चोळा. चंदेरी रंगापेक्षा हे पोलादाच्या फार जवळ जातं. बाजारातला क्रोम फवारा बोट लागलं की काळवंडतो आणि त्यावर पारदर्शक क्लिअर मारला की ॲल्युमिनियमचं पातेलं होतं. आमचं मत विचाराल तर त्यावर पैसे घालवूच नका.

आता झीज. इथे बहुतेकांचा हात सुटतो. काहीजण सगळ्या कडांना चांदी लावतात. उद्यमनगरात जाऊन एखादं जुनं लेथ पाहा: रंग गेलाय तो चाकाच्या मुठीवर, टर्नरचा तळवा रोज लागतो तिथे, आणि बेडच्या ज्या कोपऱ्यावर पाना ठेवतात तिथे. मोटरच्या मागच्या बाजूला रंग कोराच आहे, फक्त तेलकट धूळ बसलीय. बंदुकीचंही तसंच. मॅगझिनचं तोंड, बोल्टची दांडी आणि तिची खाच, मुठीच्या मागचा उंचवटा, नळीचं पुढचं टोक. बाकी ठिकाणी हात आवरा.

रंग उडाल्यासारखं दाखवायला खाली चंदेरी लॅकर मारा, एक दिवस वाळू द्या, हव्या तिथे टूथपेस्टचे ठिपके द्या, वर काळा मारा आणि वाळल्यावर ओल्या कापडानं ठिपके पुसा. खालची चांदी खऱ्या ओरखड्यासारखी वेडीवाकडी उघडी पडते. पुष्कळ ठिकाणी याला मीठ वापरतात, पण आपल्याकडे पावसाळ्यात मिठाला पाणी सुटतं आणि ठिपक्याचं डबकं होतं. शेवटी तैलरंगातला काळा आणि तपकिरी टर्पेंटाइनमध्ये चहाएवढा पातळ करून खाचांत सोडा, दहा मिनिटांनी वरून पुसा. खाली लॅकर असेल तरच. इनॅमल असेल तर टर्पेंटाइन तेही उचलेल.

पुढचं टोक आणि बोल्ट धातूचे करून घ्यायचे आहेत. लोखंडाचे की ॲल्युमिनियमचे? (जवाहरनगर)

ॲल्युमिनियम. 25 मिमी व्यासाचा आणि 150 मिमी लांबीचा भरीव तुकडा ॲल्युमिनियमचा असेल तर 200 ग्रॅमच्या आसपास, पोलादाचा 580 च्या आसपास. तेवढं वजन पुढच्या टोकाला लटकलं की रेझिनची नळी आज ना उद्या सांध्यात चिरते. एचई-30 या मिश्रधातूची सळई मागा. लेथवर स्वच्छ कापली जाते. साधा मऊ ॲल्युमिनियम हत्याराला चिकटतो आणि पृष्ठभाग ओरबाडल्यासारखा येतो.

उद्यमनगरात एका नगाचं काम घ्यायला कुणी नाखूश असेल तर कारण सरळ आहे: मशिन बांधायला लागणारा वेळ एका नगाला आणि शंभराला सारखाच. म्हणून कागदावर मिलिमीटरमध्ये आकृती काढून न्या, बसणाऱ्या जागेचा रेझिन तुकडा सोबत ठेवा आणि ‘सैल बसवायचं आहे, 0.2 मिमी ढील’ असं लिहा. मोबाइलवरचा फोटो दाखवून ‘असं करा’ म्हटलं तर टर्नरनं हाकललं म्हणून तक्रार करू नये. धातूवर रंग मारायचा असेल तर आधी एच प्रायमर, म्हणजे धातूला धरून बसणारं अस्तर. साधं अस्तर ॲल्युमिनियमवरून नखानं निघतं.

एक अट: तोंडाचं भोक 10 मिमी खोल आणि आंधळं ठेवा. आरपार नळी कुणाकडून करून घेऊ नका. कारण पुढच्या उत्तरात.

ही घेऊन रस्त्यानं गेलो तर पोलीस अडवतील का? (गडहिंग्लज)

अडवले तर नवल नाही. स्टर्लिंगच भारतात परवान्यानं कानपूरच्या कारखान्यात 9 मिमी कार्बाइन 1ए1 म्हणून बनत आली आणि पोलिसांच्या हातात ती अनेकांनी पाहिली आहे. तुमची प्रतिकृती जितकी छान, तितकी ती लांबून पोलिसी कार्बाइनसारखी. शस्त्र अधिनियम, 1959 च्या कलम 6 नुसार परवान्याशिवाय नकली बंदुकीचं खऱ्या बंदुकीत रूपांतर करता येत नाही. म्हणूनच आंधळं तोंड, भरीव रेझिन आणि हलता घोडा नाही, एवढं पाळा. पाहणाऱ्याला हातात घेताच कळलं पाहिजे.

नेताना बंद खोक्यात न्या, मूठ वेगळी काढता आली तर उत्तम. टोकाला नारिंगी टोपी लावा, प्रदर्शनापुरती काढा. एसटीत, स्टँडवर, बँकेच्या दारात खोकं उघडू नका. विमानात केबिन बॅगेत हुबेहूब खेळण्यातली बंदूकही नेऊ देत नाहीत. मिरवणुकीत वापरायची असेल तर मंडळानं आधीच पोलीस ठाण्यात कळवलेलं बरं.

दुर्बिणीत आणि बाजूला लाल दिवे हवे आहेत. 9 व्होल्टच्या सेलवर एलईडी लावला, ‘फट्’ झालं. (शिरोळ)

रोधक (रेझिस्टर) राहिला. लाल एलईडी साधारण 2 व्होल्ट घेतो. तीन एका रांगेत जोडलेत तर 6 व्होल्ट तिथे जातात, उरलेल्या 3 व्होल्टसाठी 220 ओहमचा रोधक लावा. सुमारे 14 मिलिअँपिअर वाहतो आणि भरपूर उजेड पडतो. एकच एलईडी असेल तर 470 ओहम. निळे किंवा पांढरे एलईडी 3 व्होल्टच्या वर मागतात, तीन रांगेत घातले तर 9 व्होल्टवर नीट पेटतच नाहीत.

सगळी जोडणी चिकटवण्याआधी करून रात्रभर चालवून पाहा. सेलची जागा मॅगझिनमध्ये करा आणि झाकणाला 6 मिमी व्यासाची दोन छोटी चुंबकं बसवा, स्क्रू दिसणार नाही. आणि आतली बाजू आधी काळी रंगवा. पिवळसर रेझिनमधून उजेड आरपार येतो. बाहेरून चार हात काळा असला तरी अंधारात दुर्बीण आकाशकंदिलासारखी तांबूस दिसते.

रेझिनऐवजी थ्रीडी प्रिंट चालेल? (फुलेवाडी)

चालेल. घासकाम दुप्पट, कारण थरांच्या रेघा सगळीकडे असतात. पीएलए, म्हणजे प्रिंटरचं नेहमीचं प्लास्टिक, साधारण 60 अंशांना मऊ पडतो, तेव्हा गाडीत ठेवायची तर अजिबात नको. खिळा, लांबी, रंग सगळं वरच्याप्रमाणेच.

आमच्या गल्लीतले कुंभार मूर्ती गनने रंगवतात. त्यांच्याकडून बंदूक मारून घेतली तर? (बापट कॅम्प)

हात त्यांचा तुमच्या-आमच्यापेक्षा शंभरपट सरावाचा आहे आणि कंप्रेसरचा फवारा डब्यापेक्षा सारखा पडतो. फक्त रंग तुमचे द्या. मूर्तीचे पाण्यातले रंग हाताळायच्या वस्तूवर टिकत नाहीत, घामानं सुटतात. ऑटो पेंटच्या दुकानातून अर्धा लिटर काळं एनसी लॅकर आणि त्याच कंपनीचं थिनर घेऊन जा, तुकडे 600 पर्यंत घासून, पुसून, प्रत्येकाला मागून तार बांधून टांगायला तयार ठेवा. आणि मे महिन्यातच जा. आषाढ लागला की त्यांना मान वर करायला सवड नसते.